कॉलेजातली बाग आणि ब्रश कटर

पावसाळा मध्यावर आला की बऱ्याच महाविद्यालयांत एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. निसर्ग मंडळाची नाहीतर राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जातात. आवारात फुलपाखरू उद्यान हवं, मधमाश्यांसाठी फुलझाडं हवीत. कार्यालयाचं उत्तरही ठरलेलं असतं: जागा नाही, पाणी नाही, आणि कुणाला माशी चावली तर जबाबदार कोण? मग मुलं थेट पृथ्वीच्या भवितव्यावर जातात आणि प्रशासन शिस्तीवर. चार बैठका होतात आणि तडजोड निघते. प्रवेशद्वाराशी एक वाफा, नर्सरीतून आणलेली पेंटास आणि सदाफुली, रंगीत फलक, फीत, फोटो. दिवाळीची सुट्टी संपते तोवर वाफा वाळलेला असतो. 'बघा, सांगितलं होतं' असं म्हणायला दोन्ही बाजू मोकळ्या.

या भांडणात दोन्ही पक्ष एक गोष्ट न बोलता मान्य करून बसलेले असतात, ती म्हणजे बाग ही नव्याने लावायची वस्तू आहे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. दख्खनच्या पठारावर, आणि कोकणात तर त्याहून अधिक, स्थानिक मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांना जे लागतं त्यातलं पुष्कळसं पहिल्या पावसानंतर आपसूक उगवतं. ते आपण पैसे देऊन कापून घेतो. तेव्हा मुलांना मागायचंच असेल तर त्यांनी रोपं मागू नयेत, गवतकापणीचं वेळापत्रक मागावं. पेव्हर ब्लॉक न बसवलेली थोडी माती मागावी. उद्घाटन होण्यासारखं यात काही नाही हे मान्य, आणि कदाचित म्हणूनच हे कुणी मागत नाही.

कॉलेजातल्या कापणीची पहिली मोठी फेरी कधी होते? झेंडावंदनाच्या आधी. ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की ब्रश कटरची घरघर सुरू होते आणि दोन दिवसांत मैदानाच्या कडा, कुंपणालगतचा पट्टा, वसतिगृहामागचा उतार सगळं चकाचक होतं. त्याच्या आदल्या सकाळी उकिडवं बसून हातभर जागा नुसती बघावी. टाकळ्याच्या कोवळ्या पानांवर तांदळाच्या कणीहून बारीक, पांढुरकी, उभी अंडी एकेकटी चिकटवलेली असतात. ग्रास यलो म्हणतात त्या लहान पिवळ्या फुलपाखराची असतात ती. शेजारी केन्याचं निळं फूल उमललेलं असतं, दुपारपर्यंत मिटून जाणारं. त्यावर पोटाला निळसर पट्टे असलेली एक माशी हवेत थबकते, क्षणभर टेकते, उडते, पुन्हा थबकते. तेरड्याच्या फुलामागे बारीक वाकडी नळी असते आणि मध तिच्या टोकाशी असतो, त्यामुळे लांब जिभेच्या माशीलाच तो मिळतो. हे सगळं कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा हिरवा भुगा झालेला असतो.

कृष्णमेघ कुंटे यांनी विद्यार्थिदशेतच पुण्याच्या आसपासच्या फुलपाखरांच्या ऋतुचक्राचा अभ्यास केला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पावसाळ्याची अखेर आणि हिवाळ्याची सुरुवात हा इथल्या फुलपाखरांचा भर, असं त्यातून दिसलं. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर. त्या भराची तयारी जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर चाललेली असते. आपण नेमकी तेव्हाच कापणी करतो, आणि मग सप्टेंबरात 'फुलपाखरं कमी झाली हो' म्हणत उद्यानाचा प्रस्ताव लिहितो!

आपलं पर्यावरणाचं पंचांगच बाहेरून आलेलं आहे. जागतिक मधमाशी दिन २० मे. स्लोव्हेनियातले मधपाल आंतोन यान्शा यांचा १७३४ मध्ये त्या तारखेला बाप्तिस्मा झाला म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ती तारीख घेतली. माणूस थोर होता यात वाद नाही. पण आपल्याकडे २० मे रोजी कॉलेजं ओस पडलेली असतात. करंज, बहावा फुलावर असतात आणि पाहायला सुरक्षारक्षक तेवढा असतो. पाठोपाठ ५ जून, पाऊस अजून यायचा असताना. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून 'लावणे' हेच निसर्गप्रेमाचं सरकारमान्य रूप ठरलं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये त्याचा आकडा ३३ कोटींवर गेला. पुढे त्यातली किती जगली यावर विधिमंडळात वाद झाले, पण खड्डे मोजण्याची आमची सवय गेली नाही. लावलेलं रोप मोजता येतं, न कापलेला टाकळा कोण मोजणार? अहवालात तो कुठल्या रकान्यात भरायचा?

उलट परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती वनमहोत्सवाहून कितीतरी जुनी आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांच्या नोंदी केल्या. त्या राया कुणी वृक्षारोपण करून उभ्या केलेल्या नव्हत्या. तिथे नियम होता तो तोडण्यावर. काही ठिकाणी तर पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही इतका कडक. वाळक्या लाकडात काळा भुंगा घर कोरतो हे तो नियम करणाऱ्यांच्या मनात असेल-नसेल, पण भुंग्याला घर मिळालं. देवराईचं गोडवे गाणारं वर्णन मला करायचं नाही. तो धाक देवाचा होता, धाक सुटला तिथे राया तुटल्या, आणि मंदिराच्या जीर्णोद्धारापायी तर कित्येक आतूनच गेल्या. मुद्दा एवढाच की राखणं हे कामच आहे, त्याला नियम लागतो आणि नियम पाळणारा माणूस लागतो. कॉलेजात देवाचा धाक चालणार नाही. तिथे चालतो तो कंत्राटाचा कागद.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा सुरक्षिततेचा. आग्या मोहोळाच्या माश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या गडकिल्ल्यांवरून दर हंगामात येतात, आणि ज्याला डंखाची तीव्र ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर एखादी माशीही बेतू शकते. उंच गवतात घोणस, फुरसं असू शकतं. वसतिगृहातल्या मुलांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या वॉर्डनने हे बोलून दाखवलं तर त्याला निसर्गद्वेष्टा ठरवणं हा निव्वळ बालिशपणा आहे. पण म्हणून निष्कर्ष बरोबर ठरतो का? आग्या माश्या तुमच्या वाफ्यासाठी येत नाहीत. त्या उंच इमारतीचा सज्जा, पाण्याची टाकी, वड-पिंपळाची आडवी फांदी बघून येतात, आणि मैलोन् मैल फिरून चरतात. आवारातलं गवत साफ केल्याने त्या जाणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी शिस्त हवी: पोळ्याखाली वर्दळ नको, धूर नको, दगड नको, पतंग आणि ड्रोन नको, आणि हलवायचंच असेल तर जाणकार माणसाकडून, रात्री. फवारणीवाल्याला बोलावून पोळं मारून टाकणं ही सुरक्षितता नव्हे. उरतात त्या केन्यावरच्या, तुरीवरच्या, भिंतीच्या भेगेतल्या माश्या. जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकेकट्या राहतात. राखायला पोळं नाही, मधाचा साठा नाही, त्यामुळे अंगावर येण्याचं कारणही नाही. मुठीत पकडली तर डसेल, एवढंच.

सापांचं उत्तर अगदी साधं आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट गवत नियमित कापायचं, वसतिगृहाच्या भिंतीपासून चांगला पट्टा मोकळा सोडायचा, आत वाढू द्यायचं. याचा दुसरा फायदा असा की कड नीट असली की आतलं गवतही मुद्दाम राखलेलं दिसतं, आणि 'गचाळ दिसतं' ही तक्रार निम्मी होते. डेंग्यूची भीती मात्र मला कधी समजली नाही. त्याचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो शोधायचा तर गवतात कशाला, कुंड्यांखालच्या बशांत आणि गच्चीवरच्या भंगारात शोधावा.

आगीचा मुद्दा अधिक खरा आहे, आणि निसर्गप्रेमी मंडळी तो टाळतात. वाळलेलं गवत मार्चमध्ये पेटतं. म्हणूनच मी 'कापूच नका' म्हणत नाही. एकदा कापा, बी गळून गेल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात. गेली ती आग आणि पुढच्या वर्षीचं बियाणं मातीत.

दुसरा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. 'स्थानिक, स्थानिक' म्हणजे काय हो? दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, मिरची तिकडचीच, पेरूही. गुलमोहर मादागास्करचा, तरी साताऱ्यात १ मे रोजी त्याचा दिवस साजरा होतो आणि मलाही तो फुललेला आवडतो. गिरिपुष्पावर मधमाश्या तुटून पडतात. मग परकीय झाडांवर बहिष्कार हा वनस्पतिशास्त्राच्या वेषातला संकुचितपणाच नाही का? या म्हणण्यात तथ्य आहे. जन्मदाखला पाहून झाड उपटणाऱ्यांच्या मीही बाजूचा नाही. प्रश्न त्या झाडाच्या कामाचा आहे. फुलपाखराला मध कुठलाही चालतो, पण त्याच्या अळीला चालत नाही. बिबळ्या कडव्याच्या अळीला रुईच्या कुळातलंच पान लागतं. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये निवडलेल्या राणी पाकोळीची अळी लिंबाच्या कुळावर वाढते. बहाव्यावर, टाकळ्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांची पिढीच्या पिढी निघते. पेंटासचा वाफा म्हणजे मेस आहे पण वसतिगृह नाही, असं कॉलेज. जेवायला येतील, राहायला नाहीत.

आणि इतिहास काय सांगतो? घाणेरी, म्हणजे लँटाना, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. फुलपाखरांना ती अतिशय आवडते, आजही आवडते. 'फुलपाखरं येतात' एवढीच कसोटी असती तर घाणेरी पहिली आली असती. आज तिने देशातल्या वाघांच्या वावराच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के भागात हातपाय पसरलेत. काँग्रेस गवताची पहिली नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातलीच. आणि सध्या टेकड्यांवर, महामार्गांच्या कडेला सप्टेंबर-ऑक्टोबरात जे केशरी-पिवळं रान दिसतं, ज्यात उभं राहून लोक सेल्फी काढतात, तो मेक्सिकन कॉसमॉस. तो रानात काही स्वतःहून चालत गेलेला नाही. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटांत तो आजही असतो. सोनकी, तेरडा, कुर्डू यांची जागा तो खातो. उद्यानाच्या नावाने कॉलेजने तो पेरावा आणि वाऱ्याने मागच्या टेकडीवर न्यावा, याला पर्यावरणाचा उपक्रम म्हणायचं?

म्हणून 'राखणे' म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. जुलैत, फुलावर यायच्या आत, काँग्रेस गवत आणि कॉसमॉस मुळासकट उपटायला हवं. काय उपटायचं आणि काय सोडायचं हे ओळखण्यासाठी डोळा तयार लागतो. खड्डा खणून रोप खुपसण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे आणि पदवीच्या मुलांच्या लायकीचं आहे.

मधपेट्यांबद्दलही दोन शब्द, कारण हल्ली प्रत्येक प्रस्तावात त्या असतात. युरोपीय मेलिफेरा माशी १९६२ मध्ये हिमाचलातल्या नगरोट्याला यशस्वीपणे रुजवली गेली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मधपालन हा चांगला जोडधंदा आहे, महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव केलं त्याचं मला कौतुकच आहे. पण मेलिफेराची पेटी ठेवून 'आम्ही मधमाश्या वाचवल्या' म्हणणं म्हणजे कोंबड्या पाळून पक्षी वाचवल्याचं सांगणं. आग्या, सातेरी, फुलोरी, पोयाची या आपल्या पोळं करणाऱ्या माश्या, आणि त्यांच्या पलीकडे शेकडो एकांड्या. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग एका नळीत बंद असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातून गळतो. मेलिफेरा किंवा सातेरीला तो झाडता येत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवतात तेव्हा तो सुटतो. ही पट्ट्यांची माशी मातीत, जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. आपण काय करतो? गाड्या लावायला सोय म्हणून दारापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर तरी मोकळं सोडा असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत बजावलं होतं. आपल्या कॉलेजांत बुंध्याला सिमेंटचा पार घालून वर घोषवाक्य रंगवायची रीत आहे. उंबराची तऱ्हा त्याहून वाईट. फळं गळून गाड्या खराब होतात म्हणून त्याची छाटणी होते. त्या फळाच्या आत जन्मणारी, मरणारी आणि उंबराच्या पुढच्या पिढीची सोय करणारी चिमुकली गांधीलमाशी कुठल्याच प्रस्तावात नसते.

एक आक्षेप मला सगळ्यात टोचतो, तो खेड्यातल्या कॉलेजांकडून येतो. 'आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, ग्रंथालयाला अनुदान नाही, आणि तुम्ही माश्यांचं काय घेऊन बसलात?' याला फुलपाखरू उद्यानवाल्यांकडे उत्तर नाही, कारण त्यांच्या उद्यानाला ठिबक लागतं, नर्सरीचं बिल लागतं. मी म्हणतो त्याला उलट खर्च कमी लागतो. पाच फेऱ्यांऐवजी एक-दोन फेऱ्या कापणी, पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा कमी. आणि विषय शहरी चोचल्याचा तर मुळीच नाही. त्या कॉलेजातल्या निम्म्या मुलांच्या घरी तूर, वांगी, भोपळा, डाळिंब असतं, कुणाकडे कांद्याचं बीजोत्पादन असतं. फुलावर माशी आली नाही तर दाणा भरत नाही हे त्यांना घरून माहीत असतं. फक्त ते ज्ञान वर्गात आणायचं नसतं असा समज आपण करून दिलेला असतो.

'मुलं तीन वर्षांत निघून जातात, मग बघणार कोण?' हाही प्रश्न रास्त आहे. पण मुलांचं काम बागकाम असावं असं कुणी ठरवलं? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशातून पदवीला पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. त्यातला प्रकल्प आज कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: घनकचरा व्यवस्थापनावरची तीच वीस पानं, मुखपृष्ठ आणि रोल नंबर बदलून. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास असतात. या दोन्हींतून दर वर्षी एक तुकडी एकाच ठरलेल्या पट्ट्यात, पंधरा दिवसांतून एकदा, फुलं आणि त्यावर येणारे कीटक नोंदवू शकते. दहा वर्षांची अशी वही कुठल्याही कॉलेजकडे असेल तर नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, लेखी रंगीत फलकापेक्षा ती जास्त वजनाची ठरावी. दुर्दैव असं की हिरव्या परिसराचे गुण द्यायला नॅकची पीअर टीम यायची तेव्हा आदल्या आठवड्यात पहिलं काम निघायचं ते गवत सपाट करण्याचं.

मुलं जातात, प्राचार्य बदलतात, आणि माळीकाका? ते आता कॉलेजचे राहिले नाहीत, ठेकेदाराचे आहेत. टाकळा कुठला आणि काँग्रेस गवत कुठलं हे त्यांना प्राध्यापकांहून चांगलं कळतं, पण त्यांना विचारायची पद्धत नाही. ठेकेदाराला पैसे मिळतात ते 'परिसर स्वच्छ' या दोन शब्दांवर आणि वर्षाच्या फेऱ्यांवर. गवत उभं दिसलं तर बिल अडतं. त्यामुळे माळीकाकांनी मनात आणलं तरी तेरडा सोडता येत नाही. बदल व्हायचा तो त्या दोन शब्दांत व्हायला हवा: कोणता पट्टा डिसेंबरपर्यंत कापायचा नाही, काय उपटायचं, तणनाशक मारायचं नाही, वाळकी फांदी कुठे रचून ठेवायची, आणि कमी फेऱ्यांमुळे माळ्याची मजुरी कापायची नाही. एक पान पुरे. असे करार सहसा आर्थिक वर्षाबरोबर नवे होतात, म्हणजे मसुदा फेब्रुवारी-मार्चमध्ये टेबलावर असतो. तेव्हा मुलं स्नेहसंमेलन आटोपून परीक्षेच्या मागे लागलेली असतात आणि तो कागद त्यांच्या नजरेलाही पडत नाही. अर्ज ऑगस्टऐवजी जानेवारीत द्यावा, आणि त्याची एक प्रत खरेदी समितीच्या सचिवांकडे.